चारशे मीटर आणि कातरवेळ: रायफलसाठी स्कोप निवडताना

लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी मी दुसऱ्यांदा स्कोप निवडायला बसलो, त्याला कारण एक न झाडलेली गोळी होती. हंगामाचा तिसरा दिवस होता आणि सूर्य मावळून वीसेक मिनिटे झाली होती. रानाच्या कडेला, लेझर रेंजफाइंडरने मोजलेल्या ३०० मीटरवर, एक पूर्ण वाढलेला नर कुशी दाखवून उभा होता. मी पोटावर झोपलेलो, रायफल बायपॉडवर (दोन पायांच्या टेकणीवर), वारा जवळजवळ पडलेला. यापेक्षा चांगली संधी मागूनही मिळाली नसती. माझा स्कोप ६ ते २४ पटींचा आणि ५० मिलिमीटर भिंगाचा होता, आणि तो मी २४ पटींवर ठेवला होता. त्यातून मला एक मोठा, करडा, कडा विरघळलेला आकार दिसत होता. खांदा कुठे संपतो आणि मागचे झुडूप कुठे सुरू होते, हे काही केल्या कळेना.

मी स्कोप १२ पटींवर आणला तेव्हा चित्र लख्ख झाले, परंतु त्याच क्षणी दुसरी अडचण समोर आली. माझे रेटिकल (नेम धरण्यासाठी स्कोपमध्ये दिसणाऱ्या रेषा आणि खुणा) दुसऱ्या फोकल प्लेनमधले होते, म्हणजे पट कमीजास्त केले तरी त्याच्या खुणा डोळ्याला तेवढ्याच दिसत राहतात आणि त्यांचे माप फक्त एका ठरावीक पटीवर, माझ्या बाबतीत २४ वर, खरे असते. १२ पटींवर तीच खूण दुप्पट अंतर झाकते. माझ्या काडतुसाला ३०० मीटरवर १.४ मिल वर नेम धरावा लागतो (मिल हे कोन मोजायचे एकक, ३०० मीटरवर १ मिल म्हणजे ३० सेंटिमीटर). १.४ च्या खुणेने १२ पटींवर नेम धरला असता तर ती प्रत्यक्षात २.८ मिल ठरली असती आणि गोळी सुमारे ४२ सेंटिमीटर वरून, जनावराच्या पाठीवरून निघून गेली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे कण्याच्या वरच्या मांसाला फाडून गेली असती. हे सगळे डोक्यात जुळेपर्यंत माझे बोट चापावरून बाजूला आले होते. नर आपल्या वाटेने रानात शिरला. गोळी झाडली नाही याचे मला आजही समाधान आहे, पण ज्या उपकरणावर विसंबून मी तिथे झोपलो होतो ते त्या कामाचे नव्हते, ही गोष्ट मला फार लागली.

मी पहिला स्कोप पटींचा आकडा पाहून घेतला होता. दूरचे मारायचे तर दूरचे मोठे दिसले पाहिजे, हा विचार वरवर इतका सरळ वाटतो की त्याची उलटतपासणी करावीशी वाटत नाही. या खेपेला मात्र माझ्या एका ज्येष्ठ सोबत्यांनी, ज्यांच्याबरोबर मी अनेक हंगाम काढले आहेत, मला आधी एकच प्रश्न केला: “तुझं अंतर किती?” रायफल किती लांब मारते हे त्यांना विचारायचे नव्हते. रानात, थकलेल्या अवस्थेत, पहिल्याच गोळीला मी किती लांबवर हमखास मारू शकतो, हे ते विचारत होते. मला उत्तर देता आले नाही, म्हणून ते शोधण्यापासून सुरुवात केली.

त्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची कागदी तबकडी घेतली, कारण हरणाच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग साधारण तेवढ्या मापात धरणे शहाणपणाचे असते. नियम असा ठेवला की एका दिवशी एका अंतरावर एकच गोळी झाडायची, तीही थंड नळीतून आणि चालून आल्यावर लगेच. नळी तापल्यावर, अंदाज बसल्यावर मारलेल्या पाच गोळ्यांचा सुबक गट शिकाऱ्याला काही सांगत नाही, कारण रानात पाचवी गोळी मिळत नाही. कित्येक आठवडे चाललेल्या या उद्योगातून जे निघाले ते असे: पोटावर झोपून, पुढे बायपॉड आणि मागे दस्त्याखाली छोटी पिशवी असली, तर ४०० मीटरपर्यंत माझी पहिली गोळी तबकडी सोडत नव्हती, काठ्यांच्या आधाराने बसून मारताना हेच अंतर २५० वर येत होते. ४०० च्या पुढे वाऱ्याने माझा हिशेब मोडला. माझी रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची आहे आणि १४३ ग्रेनची (सुमारे ९.३ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला ४०० मीटरवर २० सेंटिमीटरहून अधिक बाजूला नेतो. एवढ्या वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी गोळी तबकडीच्या कडेला पोचते, आणि वाऱ्याचा तेवढा अचूक अंदाज मला दरवेळी येत नाही. कोणताही स्कोप वारा वाचून देत नाही. तेव्हा ४०० मीटर ही माझी हद्द ठरली आणि पुढची सगळी निवड तिच्याभोवती झाली.

हद्द ठरताच पटींचा प्रश्न आपोआप सुटत गेला. ४०० मीटरवरची तबकडी मला १० पटींवर स्वच्छ दिसत होती आणि १२ वर आरामात. २० पटींवर तबकडी मोठी दिसे, पण सकाळचे ऊन चढल्यावर जमिनीवरून उठणारी गरम हवेची लहरही तेवढीच मोठी दिसे आणि तबकडीची कड पाण्यात पडल्यासारखी हलत राही. शिवाय पट वाढले की दृश्याचे क्षेत्र आक्रसते. धक्क्यानंतर जनावर त्या क्षेत्राबाहेर गेले, तर गोळी लागली का, ते कोणत्या दिशेला गेले, हे समजत नाही, आणि जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी ज्याने घेतली आहे त्याला याचे मोल सांगावे लागत नाही. खालच्या बाजूला ३ पट पुरेसे होते, कारण दाट झाडीत अचानक ४० मीटरवर समोर आलेले जनावर ६ पटींतून नुसती केसाळ भिंत दिसते. म्हणून ३ ते १५ पटींच्या आसपासचा स्कोप हवा, हे नक्की झाले.

मग उजेड. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या तबकडीचा व्यास मिळतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. त्या संध्याकाळी माझा ५० मिलिमीटरचा स्कोप २४ पटींवर असताना हा व्यास जेमतेम २ मिलिमीटर होता. अंधारात माणसाची बाहुली तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढते तशी ती कमी उघडू लागते. पण माझ्यासारख्या मध्यमवयीन डोळ्याची बाहुलीसुद्धा कातरवेळी ५ मिलिमीटर गृहीत धरली, तर माझा डोळा त्या वेळी उपाशी होता असेच म्हणायला हवे. तोच स्कोप १० पटींवर असता तर व्यास ५ मिलिमीटर झाला असता. हा एवढा भागाकार मी आधी केला असता, तर पहिली खरेदी वेगळी झाली असती.

भागाकाराने सगळे कळत नाही, कारण भिंगांची जात आणि त्यांवरचा लेप आकड्यांत दिसत नाहीत. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये अनेक भिंगे असतात. हवेला लागलेले सोळा पृष्ठभाग धरले आणि एकावरही लेप नसला, तर जवळजवळ निम्मा प्रकाश वाटेतच हरवेल. अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीत परावर्तनरोधी लेपाचा शोध लावला, त्यामुळे आजच्या शिकाऱ्याला संध्याकाळी जास्तीचा वेळ मिळतो, हे मला त्यांच्याविषयी कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते.

भिंगे तपासण्यासाठी मी ओळखीच्यांकडून तीन स्कोप मागून आणले. रायफलवर न चढवता ते एका मजबूत स्टँडवर पकडीत बसवले, आणि २०० मीटरवर झाडांच्या सावलीत तपकिरी गोणपाट टांगून त्यावर जाडीने उतरत जाणाऱ्या काळ्या पट्ट्या चिकटवलेला पुठ्ठा लावला. तिन्ही स्कोप ८ पटींवर ठेवले. मग सूर्य मावळल्यापासून दर पाच मिनिटांनी कोणत्या स्कोपमधून किती पट्ट्या मोजता येतात ते वहीत लिहीत गेलो. भर दुपारी हे तिन्ही स्कोप मला सारखेच वाटले होते, आणि दुकानाच्या दिव्यांखाली तर त्यांत काहीच फरक कळला नसता. सूर्य मावळून पंचवीस मिनिटे झाल्यावर पहिल्यात मला दोन पट्ट्या दिसत होत्या, दुसऱ्यात चार, आणि तिसऱ्यात पुठ्ठ्याची चौकटसुद्धा गोणपाटापासून वेगळी काढता येत नव्हती. तिसऱ्याचे भिंग पहिल्याहून मोठे, ५६ मिलिमीटरचे होते. मोठे भिंग म्हणजे जास्त उजेड हे निमपट खरे आहे, हे त्या पुठ्ठ्याने मला दाखवले. स्कोपची नळी २५.४ मिलिमीटरची, ३० ची की ३४ ची, याचाही उजेडाशी संबंध जोडला जातो, पण जाड नळीचा खरा उपयोग आत रेटिकलला वरखाली सरकायला जास्त वाव मिळण्यात आहे. माझ्या ४०० मीटरांसाठी ३० मिलिमीटर भरपूर होते.

रेटिकलच्या बाबतीत त्या ३०० मीटरवरच्या नराने माझा निर्णय आधीच करून ठेवला होता: पहिल्या फोकल प्लेनमधलेच घ्यायचे. त्यात पट वाढवले की खुणाही चित्राबरोबर वाढतात आणि त्यांचे माप कोणत्याही पटीवर तेच राहते. याची एक किंमत मोजावी लागते. ३ पटींवर रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतके बारीक दिसते आणि अंधुक झाडीत हरवते. सोबत्यांचा आक्षेप नेमका हाच होता. ते स्वतः दुसऱ्या फोकल प्लेनचे साधे, जाड रेषांचे रेटिकल वापरतात आणि लांबच्या नेमासाठी खुणांच्या ऐवजी नेम वरखाली सरकवणारी घुंडी फिरवतात. जो नेहमीच घुंडी फिरवणार आहे त्याच्यासाठी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मला घाईत खुणेनेही नेम धरता यायला हवा होता, म्हणून बाहेरून जाड होत आत निमुळत्या होणाऱ्या रेषांचे आणि मध्यावर मंद लाल उजेड देता येणारे रेटिकल मी पसंत केले. तो उजेड अगदी मंद करता येणे महत्त्वाचे असते. थोडासा जास्त झाला तरी कातरवेळी बाहुली मिटते आणि भिंगावर खर्च केलेले सगळे वाया जाते.

एकके निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. मी मीटरमध्ये विचार करतो, आणि मिल हे एकक त्याला सोयीचे आहे: १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, आणि घुंडीच्या ०.१ मिलच्या एका क्लिकने नेम बरोबर १ सेंटिमीटर सरकतो. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. तेही एकक उत्तम आहे, फक्त रेटिकल मिलमध्ये आणि घुंडी एमओएमध्ये असा मिश्र स्कोप घेऊ नये. तसे स्कोप मी पाहिले आहेत, आणि जनावर समोर असताना ३.४४ ने गुणाकार करण्याची वेळ कोणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

पॅरलॅक्सकडे मी पहिल्या वेळी लक्षच दिले नव्हते. स्कोप घट्ट पकडीत असताना डोके जरा वरखाली केले आणि रेटिकल लक्ष्यावरून सरकताना दिसले, तर लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एका प्रतलात नाहीत असे समजावे. अनेक शिकारी स्कोपमध्ये ही जुळणी १०० मीटरच्या आसपास कायमची केलेली असते आणि २०० पर्यंत त्याने काही बिघडत नाही. पण ५० मिलिमीटर भिंगाच्या अशा स्कोपमधून ४०० मीटरवर, डोळा अगदी कडेला गेला असता, चूक साडेसात सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. उतारावर वाकडेतिकडे झोपून नेम धरताना डोळा दरवेळी मधोमध येतोच असे नाही, म्हणून डाव्या बाजूला पॅरलॅक्सची घुंडी असलेलाच स्कोप घेतला. तिच्यावर छापलेल्या अंतरांवर मी विसंबत नाही. डोके हलवून रेटिकल स्थिर दिसेपर्यंत ती फिरवतो.

वजन ७५० ग्रॅमच्या आत आणि डोळ्यापासूनचे अंतर किमान ९० मिलिमीटर, या दोन अटींत बसणारा स्कोप शेवटी मिळाला आणि घरी आला. मात्र तो लगेच रायफलवर चढवला नाही. १०० मीटर अंतर फितीने मोजले, रेंजफाइंडरवर सोडले नाही, कारण एका मीटरची चूक म्हणजे मापात एक टक्क्याची चूक. तिथे भिंतीवर ओळंब्याने सरळ केलेली मोजपट्टी उभी लावली, स्कोप पकडीत आवळला, रेटिकलचा मध्य पट्टीच्या वरच्या टोकाशी आणला आणि घुंडी १० मिल वर फिरवली. रेटिकल पट्टीवरून १०० सेंटिमीटर खाली उतरायला हवे होते. ते ९७ वर थांबले. पुन्हा केले, पुन्हा ९७. तीन टक्क्यांची ही तूट मी सहन केली असती, कारण ४०० मीटरवर मला लागणाऱ्या २.४ मिलमध्ये तिच्यामुळे जेमतेम तीन सेंटिमीटर चूक झाली असती आणि ती कोष्टकात भरून काढता आली असती. पण पाचव्या खेपेला घुंडी शून्यावर परत आणली, तर रेटिकल मूळ जागेपासून तीन क्लिक बाजूला राहिले, आणि सातव्या खेपेला दोन क्लिक दुसऱ्या बाजूला. एकसारखी चूक सांभाळून घेता येते. जी चूक दरवेळी वेगळी असते तिच्यावर जनावराचा जीव सोपवता येत नाही. विक्रेत्याने आधी, एवढे चालते, अशी समजूत घातली. मी वहीतले आकडे आणि पट्टीची छायाचित्रे समोर ठेवल्यावर स्कोप बदलून मिळाला. दुसऱ्या नगाने दहाही खेपांना १०० सेंटिमीटरची रेघ गाठली आणि दहाही वेळा शून्यावर परत आला. ही चाचणी करायला एक सकाळ पुरते, आणि ती केल्याशिवाय मी यापुढे कोणताही स्कोप रायफलवर चढवणार नाही.

चढवण्याच्या कामाला सोबती येऊन बसले. रायफल रिकामी आहे हे दोघांनी बोल्ट उघडून, आत बोट घालून तपासले. रिंगांचे स्क्रू मी नेहमीच्या सवयीने जोर लावून आवळू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “अरे, नळी चेपशील. पान्यावरचा आकडा बघ,” ते म्हणाले. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना २ न्यूटन-मीटर पुरले, आणि तेही एका बाजूचा एक, मग दुसऱ्या बाजूचा एक, असे थोडेथोडे करत, जेणेकरून दोन्हीकडची फट सारखी राहील. रेटिकल सरळ करण्यासाठी त्यांनी समोर ओळंबा टांगला. रायफल लेव्हलने समपातळीत आणून उभी रेषा ओळंब्याच्या दोरीवर अशी बसवली की दोरी दिसेनाशी झाली. ही कसोशी अनाठायी नाही. ४०० मीटरसाठी मी नेम सुमारे ९६ सेंटिमीटर वर चढवतो; रेटिकल ३ अंश कलते राहिले तर त्यातले ५ सेंटिमीटर आडवे जातात, आणि मी ते वाऱ्याच्या माथी मारत बसलो असतो.

शून्य १०० मीटरवर बांधले, म्हणजे घुंडी शून्यावर असताना गोळी त्या अंतरावर नेमाच्या जागीच लागेल असे केले, आणि शून्याच्या खाली घुंडी जाऊ नये म्हणून तिचा अटकाव लावून घेतला. आडव्या वाऱ्याच्या घुंडीवर टोपण कायम ठेवले, कारण झुडपांतून जाताना ती नकळत फिरते. संगणकाने काढलेले कोष्टक हाताशी होते, तरी २००, ३०० आणि ४०० मीटरवर प्रत्यक्ष गोळ्या झाडून मगच आकडे कायम केले: ०.६, १.४, २.४. ते जाड अक्षरांत एका पट्टीवर लिहून भिंगाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले, म्हणजे झाकण उघडले की डोळ्यासमोर येतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण चांगला स्कोप हातात आल्यावर तिचा मोह वाढतो. रान न्याहाळण्यासाठी स्कोप वापरायचा नाही, त्यासाठी गळ्यात दुर्बीण असते. स्कोपमधून जिकडे पाहावे तिकडे नळी वळलेली असते, आणि झाडीत हलणारे जे काही आहे ते माणूसही असू शकते.

पुढच्या हंगामात, पुन्हा सूर्य मावळल्यावर, २६० मीटरवर मला एक नर मिळाला. दुर्बिणीतून त्याला दहा मिनिटे पाहिले, मागे मातीचा चढ असल्याची खात्री केली, मग पोटावर झोपून स्कोप ८ पटींवर ठेवला. खांद्यामागची केसांची वळणरेघ मला दिसत होती. घुंडी दहा क्लिक वर फिरवली, डोके किंचित हलवून पॅरलॅक्स पाहिला आणि श्वास सोडून चाप ओढला. धक्क्यानंतरही तो दृश्यातच होता; चार पावले गेला आणि बसला, मग आडवा झाला. मी बोल्ट ओढून दुसरे काडतूस भरले आणि पुरती पाच मिनिटे तिथूनच पाहत राहिलो. हालचाल नाही हे पक्के झाल्यावर रायफल रिकामी केली, घुंडी उलटी फिरवत दहा क्लिक मोजले, अटकाव लागल्याचे बोटांना जाणवले, आणि झाकण लावून मी चढ उतरू लागलो.